कोंबडी पोरीची, पैसा कोणाचा?



मुलांच्या शिक्षणाविषयी चार शब्द बोलावे म्हणून आपण आम्हांस बोलाविले. आम्ही कोंबडीविषयी बोलणार आहो. हसू नका. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत हिशेब व शेतीचे ज्ञान शिकवावे, अशी मागणी केली होती. त्या दोहोंची पहिली इयत्ता आपल्या परड्यातील खुराड्यातच भरते.

खुडूक कोंबडी रवणावर बसवावयाची, तर पोरीच्या हातून बसवा. डालग्यात भुसा घालून दहाबारा अंडी तिनेच मोजून ठेवावी आणि भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढावी. आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत एकेक अंडे दिव्यासमोर धरावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर अंड्याने जीव धरला. अगदी स्वच्छ दिसले तर ते फुकट. एकविसाव्या रेघेच्या सुमारास पिल्ले कवच फोडून बाहेर येतात. त्यास मुहूर्त लागत नाही. ऊब मिळाली व दिवस भरले म्हणजे पिल्लू होते, एवढे पोरीने डोळ्यांनी पाहिले की कारणाशिवाय कार्य नाही, हे तिला निराळे शिकवावे लागत नाही.

पुढे मानमोडी येते आणि भरले खुराडे रिते होते. आपण देवीला कोंबडी कबूल करतो. मरावयाच्या त्या मरतातच. ह्या रोगास लस आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात वा नाकात तिचा थेंब घालतात, पुढे वेळेवर पुन्हा देतात. गुरांच्या दवाखान्यात जाल तेव्हा पोरीस सोबत न्या, आणि काय विचारावयाचे ते तिलाच विचारू द्या.

आता कडू गोष्ट. दाणा पोरीने टाकला, घारीवर नजर तिने ठेवली. पाहुणा आला की बाप तिला न विचारता कोंबडी कापतो आणि अंड्यांचे पैसे आपल्या कनवटीस लावतो. राबणार एक, खाणार दुसरा, हीच तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या सावकाराविरुद्ध व भटाविरुद्ध केली ना? मग आपल्याच घरात आपण सावकार का व्हावे?

म्हणून अंड्यांच्या पैशांची वही पोरीच्या हाती द्या. कोंबडी हवी असेल तर तिला विचारा व किंमत तिच्या वहीत मांडा. जिने लहानपणी बापाकडून चार अंड्यांचा हिशेब चुकता करून घेतला, तिला उद्या बाजारात कोणी सहजासहजी फसविणार नाही.