जमिनीखालची अर्धी ओळख

(हितचिंतकांच्या लातूर येथील पावसाळी मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेले भाषण)



पाळकसाहेबांनी मला किनवटकडच्या कामाविषयी बोलायला सांगितले आहे. आज मी तिथल्या एका अळंबीविषयी बोलणार आहे. आपण लातूरकर, आपल्या जिल्ह्यात जंगल नावालाच. पण शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, किनवट-माहूरच्या डोंगरात, अजून सागाचे रान आहे. आंध, गोंड, कोलाम, परधान ही मंडळी तिथे राहतात. पावसाचे पहिले महिने त्यांच्यासाठी ओढीचे असतात. घरातले धान्य संपत आलेले, पेरणीला पैसा गेलेला. त्याच दिवसांत रानात वारुळाजवळ अळंबी फुटते. विदर्भाच्या बाजूला तिला टेकोडे म्हणतात, बारीक असतील तर सात्या. गोव्यात हिचीच भावंडे अळमी म्हणून चांगल्या भावाने विकली जातात.

दोन वर्षांपूर्वी मी ठरवले की विषारी अळंबीपासून लोकांना सावध करण्यासाठी एक रंगीत पत्रक छापायचे. "ही खा, ही खाऊ नका." आपल्यापैकी काहींनी त्यासाठी देणगीही दिली. मी मोबाइलवर फोटो काढले, मजकूर लिहिला आणि छापण्याआधी एका आंध आजींना नमुना दाखवला. आजींनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "बाई, ह्याचं खालचं कुठं हाय?"

मी म्हटले, "आजी, खाली माती आहे."

"मग मातीतच तर समदं हाय. मुळी दिसंना, तर मी खायाची का न्हाई कसं सांगू?"

ते पत्रक मी छापले नाही. का, ते सांगते.

ही अळंबी वाळवीच्या घरात जन्मते. वाळवी लाकूड-पाचोळा आणते, पण तो तिला नीट पचत नाही. म्हणून ती वारुळाच्या पोटात त्याच्या स्पंजासारख्या गाद्या रचते आणि त्यांवर बुरशी वाढवते. बुरशी पाचोळा मऊ करते, वाळवी ते खाते. ही भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांची आहे असे शास्त्रज्ञ मानतात. पावसात तीच बुरशी जमीन फोडून वर छत्री उघडते. वाळवीशिवाय ती वाढत नाही, म्हणून बटण मशरूमसारखी तिची शेती अजून कोणाला साधलेली नाही. जी मिळते ती रानातूनच.

फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली या अळंब्यांचा वेगळा गट केला आणि त्याला टर्मिटोमायसिस, म्हणजे वाळवीची बुरशी, हे नाव दिले. १९७९ मध्ये नटराजन यांनी भारतातल्या एका जातीला हाइम यांच्या सन्मानार्थ टर्मिटोमायसिस हाइमी म्हटले. या एका गटात आफ्रिकेतली हातभर रुंद छत्री आहे आणि नखाएवढी सात्याही आहे. रूपावरून शास्त्रज्ञांनी हिला कधी एका कुळात ठेवले, कधी दुसऱ्या. शेवटी जनुकांच्या तपासणीने तिचे कुळ लायोफिलेसी ठरले. वरवरच्या रूपावर विसंबून शिकलेले लोकही फसले, हे लक्षात घ्या.

मग आजी काय पाहतात? त्या अळंबी उपटत नाहीत, काठीने बाजूची माती उकरतात. देठ खाली निमुळता होत लांब मुळीसारखा वारुळाच्या पोटापर्यंत जातो. टोपीच्या मधोमध टणक टोक असते; त्यानेच ती जमीन भेदून वर येते. टोपीखालचे पातळ पापुद्रे पांढरे असतात, पुढे फिकट गुलाबी झाक धरतात. शिवाय दरवर्षी ती ठरलेल्या जागीच येते, आणि ती जागा आजींना ठाऊक असते. बारीक सात्यांना मात्र अशी लांब मुळी नसते. वाळवीने बाहेर टाकलेल्या गादीच्या चुऱ्यावर त्या थव्याने उगवतात. म्हणजे एका खुणेवर काम भागत नाही, सगळ्या खुणा जुळाव्या लागतात.

आता घातकी अळंबी पाहा. अमानिटा गटातल्या काही जाती जीव घेतात. त्यांच्या देठाच्या तळाशी फुटलेल्या अंड्याच्या टरफलासारखी पिशवी असते, आणि ती बहुधा मातीत लपलेली असते. वरून तोडली की पिशवी जमिनीत राहते आणि टोपलीत फक्त एक गोरी छत्री येते. दुसरी एक अळंबी गवतात, गायरानात, शाळेच्या मैदानातही उगवते. तिच्या देठावर बांगडीसारखे वलय असते. टोपी कागदावर पालथी घालून वर वाटी झाकून रात्रभर ठेवली, तर सकाळी कागदावर हिरवट भुकटी उतरते. ती खाल्ली की एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या सुरू होतात.

आणि माझी आणखी एक चूक कबूल करते. त्या पत्रकात मी लिहिले होते की भाजीत चांदीचे नाणे टाका, काळे पडले तर विष समजा. लहानपणापासून ऐकलेले, म्हणून लिहिले. ते साफ खोटे आहे. लसूण, तांदूळ, हळद, कोणीही अमानिटाचे विष ओळखत नाही. किड्यांनी खाल्लेली अळंबी आपल्याला चालेल, हेही खरे नाही. ते विष शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही.

अलीशा संदेष्ट्याच्या काळातली भांड्याची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत ऐकली आहे. दुष्काळ होता. एक शिष्य रानात भाजी शोधायला गेला, अनोळखी वेलीची फळे ओटीत भरून आणली आणि चिरून भांड्यात टाकली. भूक होती, ओळख नव्हती. अलीशाने पीठ टाकून सगळ्यांना वाचवले. आपल्या घरात तसे पीठ नाही. म्हणून ओळख भांड्याच्या आधी, रानातच व्हायला हवी.

ती ओळख आज तुटते आहे. मुले शिकायला आश्रमशाळेत, आईबाप ऊसतोडीला. मुलांनी शिकावेच. पण आजींबरोबर रान फिरणे राहून जाते, आणि सुटीत घरी आलेली भुकेली पोर वरून छत्री पाहून तोडते. म्हणून तुमच्या देणगीतून आम्ही पत्रकाऐवजी दुसरे काम धरले. पावसाळ्यात वसतिगृहाच्या मुलींना सुटीच्या दिवशी जाणत्या आजींबरोबर रानात नेतो. आजींना त्या दिवसाची मजुरी देतो, कारण त्या आमच्या शिक्षिका आहेत. मुली तोडत नाहीत; उकरतात, पाहतात, वहीत चित्र काढतात, मुळीसकट.

तुम्हांलाही विनंती आहे. माझे भाषण ऐकून अंगणातली छत्री खाऊ नका. आणि कोणाला अळंबी खाऊन त्रास झाला, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. घातक विषाची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी दिसतात. मग उलट्या-जुलाब थांबतात, माणूस बरा झाला असे वाटते, आणि आत यकृत निकामी होत असते. त्या खोट्या आरामाला भुलू नका. उरलेली अळंबी, सोललेले देठसुद्धा, कागदात गुंडाळून दवाखान्यात न्या.

या पावसाळ्यात त्या आजींची आणि त्या मुलींची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवा. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.