ज्वारीलाही रात्र लागते

(चाकण येथील बैठकीतील भाषण)



आपण चाकणला कांदा घेऊन यायचो तेव्हा इथे रात्री काळाकुट्ट अंधार असायचा. आता पिंपरी-चिंचवडपासून इथपर्यंत कारखान्यांचे, रस्त्यांचे दिवे रात्रभर जळतात. माणूस त्या उजेडात तिसरी पाळी करतो. ज्वारीला ती सोसत नाही.

बांधाला दिव्याचा खांब असेल तर रान नीट बघा. खांबाजवळची धाटं हिरवीगार, उंच, पण पोटरीतसुद्धा नाहीत. पलीकडच्या तासांत कणसं भरलेली, असं दिसू शकतं. खत तेच, पाणी तेच, बियाणं तेच. मग दोष कोणाचा?

ज्वारीच्या पेशीपेशीत चोवीस तासांचं घड्याळ असतं. त्याला काटे नाहीत, जनुकं आहेत. सकाळची जनुकं संध्याकाळच्यांना दाबतात, संध्याकाळची सकाळच्यांना. या घड्याळाच्या तालावर चालणारं एक जनुक फुलोरा अडवून धरतं. टेक्सासमध्ये क्विन्बी आणि कार्पर यांनी १९४५ साली त्याच्या अनुवंशाचा हिशेब मांडला. ते नेमकं कोणतं जनुक, हे २०११ साली सापडलं. दिवस लांब असला की संध्याकाळच्या उजेडात ते पुन्हा जोर धरतं आणि ज्वारी निसवत नाही. अंधार लवकर पडू लागला की जोर ओसरतो. आपल्याकडे जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरचा अकरा तासांचा. ज्वारीला एवढी खूण पुरते. आपल्या आज्यांना जनुक माहीत नव्हतं, पण रब्बीची पेर कधी करायची ते पक्कं माहीत होतं.

तुम्ही म्हणाल, मग खरिपाची संकरित ज्वारी लांब दिवसांत कशी निसवते? अमेरिकेत दिवस लांब असतानाही निसवणारी झाडं निवडत गेले. त्यांच्यात हे जनुक निकामी झालेलं असतं. १९६४ साली आलेल्या सीएसएच-१ या आपल्या पहिल्या संकरित ज्वारीची मादी तिकडचीच. कपाशीचंही तसंच. रानटी अमेरिकन कपाशी लहान दिवसांतच फुलायची. माणसाने निवड करून तिचं ते बंधन सोडवलं. म्हणून दिव्याखाली कपाशी सहसा अडत नाही, जुनी देशी ज्वारी अडते.

तेव्हा कणीस आलं नाही म्हणून लगेच बियाणेवाल्याच्या नावाने बोटं मोडू नका. आधी रात्री रानात जा. खांबापासून पावलं मोजा, कितव्या पावलापासून कणसं लागली ते लिहून ठेवा. बियाणं खोटं असेल तर नुकसान रानभर दिसेल. दिव्याचं असेल तर खांबाभोवती दिसेल. पंचनाम्यात हे नोंदवून घ्या. दिवा बंद करा, असं आपण म्हणत नाही. त्याला झाकण बसवा, उजेड रस्त्यावर पाडा, एवढंच मागायचं. तोवर त्या पट्ट्यात कडबाच पिकेल, असा हिशेब धरून पेरा.

रस्त्याला उजेड हवा, हे खरं. पण रानाला रात्र हवी, हेही तितकंच खरं.