सेवा दलाचे दिवस



‘सेवा’ हा शब्द ज्या ‘सेव्’ धातूपासून सिद्ध होतो, तो धातू आत्मनेपदी आहे. हा केवळ व्याकरणाचा नियम होय. त्यातून तत्त्वज्ञान काढण्याचा वैयाकरणाला अधिकार नाही. परंतु ज्यांनी तारुण्यातील काही वर्षे एखाद्या सेवासंघात घालविली, त्यांना विचारावे, तर ते बहुधा हेच सांगतात की, आमच्या हातून लोकांचे किती भले झाले ते देव जाणे. आमचे मात्र पुष्कळ झाले. राष्ट्र सेवा दलातून घडलेल्या तरुणांच्या आठवणी या दृष्टीने मननीय आहेत.

सेवा दलाची उभारणी ४ जून १९४१ रोजी पुण्यास झाली. एस. एम. जोशी हे त्याचे दलप्रमुख. पुढच्याच वर्षी ‘चले जाव’चा लढा पेटला आणि शाखेवर येणारे कितीतरी तरुण तुरुंगात गेले. इतिहासात नोंद होते ती अशा गोष्टींची. परंतु मनात घर करून राहिले ते निराळेच : सायंकाळचे मैदान, लेझीम, समूहगीते आणि दिवेलागणीला पांगणारी मुले. त्या काळी मुलगे व मुली एकाच मैदानावर खेळतात, ही गोष्ट अनेक घरांना रुचत नसे. शिबिरांत सकाळी कुदळ-फावडे हाती यायचे, दुपारी एकच पंगत बसायची, आणि शेजारच्या पानावरील मित्राची जात कोणी विचारीत नसे. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या मुलाला तो घास प्रथम जड जाई. चार दिवसांनी त्याला त्याचा विसर पडे. हा विसर हीच त्याची खरी दीक्षा. रात्री कलापथकाचा खेळ असे. वसंत बापट, निळू फुले यांच्यासारखी मंडळी या कलापथकात वावरली, पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठीच ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले.

या सर्वांच्या स्मरणात एक नाव विशेष आर्द्रतेने येते, ते साने गुरुजींचे. अमळनेरच्या छात्रालयात असताना विद्यार्थ्यांच्या खोल्या झाडाव्यात, त्यांचे मळके कपडे धुऊन ठेवावेत, आणि याचा उच्चारही करू नये, अशी त्यांची रीत. सेवेवर व्याख्यान देण्याची मग गरजच उरली नाही.

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. सेवा दलाचे तरुण या कार्यात त्यांच्या सोबत होते. विरोध कडवा होता. अशा वेळी त्यांना आश्रय दिला तो तनपुरे महाराजांच्या मठाने! १० मे रोजी उपोषण सुटले आणि मंदिर सर्वांना खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला.

सज्जनहो, मठाच्या या उत्सवप्रसंगी त्या घटनेचा नीट विचार व्हावयास हवा. सेवा दल ही काही धर्मसंस्था नव्हे. मठ-मंदिरांतील कित्येकांना ते तरुण पाखंडी वाटत. त्या तरुणांनाही मठांविषयी फारसा आदर नसे. तरीही कसोटीच्या क्षणी एका मठाचे अंगण त्यांच्या कामी आले. त्या मठाने आपला धर्म सोडला असे कोण म्हणेल? किंबहुना त्याने तो राखला. मठाची प्रतिष्ठा त्याच्या शिखराने ठरत नाही; कोणाला आत घेतले आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले, यावरून ती ठरते.

पुढे १९५५ मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रहींच्या तुकड्या सीमा ओलांडू लागल्या, तेव्हा त्यांतही सेवा दलाचे तरुण होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर निराधार झालेल्या मुलांसाठी सेवा दलाने नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ उभे केले. मैदानावर सुरू झालेला खेळ पन्नास वर्षांनंतर अनाथांचे छप्पर झाला, हे लहान फळ नव्हे.

आज उत्सवात अनेक तरुण हौसेने राबतात. पाने वाढणे, रांगा लावणे, पादत्राणे सांभाळणे ही कामे थोर आहेतच. परंतु मांडव उतरला की ही मुले घरी जातात आणि त्यांचा मठाशी असलेला संबंध वर्षभरासाठी सुटतो. त्यांना वर्षभराचे काम मिळाले पाहिजे : वस्तीतील मुलांचा अभ्यास, रुग्णाच्या उशाशी एक रात्र, गाळाने भरलेली एखादी विहीर. आणि त्या कामात गावातील प्रत्येक आळीचा मुलगा व मुलगी असली पाहिजे. ज्या आळीतून आजवर कोणी पंगतीला बसावयास आले नाही, तेथील तर आधी. यासाठी निधी अल्प पुरतो. लागते ते वडीलधाऱ्यांचे अनुमोदन. ते या पीठाच्या छायेत मिळो, आणि आजच्या तरुणांच्या गाठी उतारवयात सांगण्याजोग्या आठवणी जमोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.