न दुखणारा चट्टा आणि एक प्रथिन

आज मी ऊर्जानगरहून बोलतोय, आई-बाबांच्या क्वार्टरमधून. मागे वीज केंद्राची घरघर ऐकू आली तर सांभाळून घ्या. आम्ही इथली पोरं त्या आवाजातच मोठी झालोय, आम्हाला तो ऐकूच येत नाही.

आजचा विषय आहे प्रथिनं, आणि रेणू एकमेकांना कसे ओळखतात ते. पण सुरुवात एका चट्ट्यापासून करतो.

२००९ साल. मी सातवीत होतो. डाव्या दंडावर रुपयाच्या नाण्याएवढा फिकट चट्टा आला. खाज नाही, दुखणं नाही. आई म्हणाली, "जंत झाले असतील," आणि माझा गूळ बंद झाला. दोन-तीन महिन्यांनी शाळेत आरोग्य तपासणी झाली. तपासणाऱ्या बाईंनी मला डोळे मिटायला सांगितले आणि बॉलपेनचं टोक हातावर ठिकठिकाणी टेकवलं. "कुठं लागलं ते बोटानं दाखव." मी चार जागा दाखवल्या. त्यांनी सहा वेळा टेकवलं होतं.

मला कुष्ठरोग होता.

सहा महिने गोळ्या घेतल्या आणि पूर्ण बरा झालो. गंमत बघा, देशपातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं २००५ च्या डिसेंबरमध्येच जाहीर झालं होतं. त्याचा अर्थ एवढाच की दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. रोग संपला असा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत नवे रुग्ण आजही सापडतात.

गोळ्यांची पाकिटं आईनं तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवली. आजीला सांगितलं, कॅल्शियमच्या आहेत. कारण आजीच्या भाषेत हा 'महारोग', मागच्या जन्मीचं काहीतरी. शाळेची सहल वरोऱ्याला आनंदवनात निघाली, तेव्हा मी पोट दुखतंय म्हणून घरी बसलो. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती सुरू केली. घरच्यांनी टाकलेल्या माणसांनी तिथं स्वतःच्या हातांनी शेती आणि उद्योग उभे केले. ते बघायला सगळा वर्ग गेला. मी नाही. भीती होती की तिथं कुणीतरी मला ओळखेल.

पुढे बीटेक झालं, नोकरी लागली. एकदा रात्री सहज वाचत बसलो होतो, की हा जंतू असतो तरी कसा? वाचता वाचता एक नाव भेटलं: शेखर मांडे. जन्म नागपूरचा, एमएस्सी नागपूर विद्यापीठातून आणि तीही भौतिकशास्त्रात. नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएचडी. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे संचालक आणि २०१८ ते २०२२ मध्ये सीएसआयआरचे महासंचालक. पण मी थांबलो ते त्यांच्या १९९६ च्या एका शोधनिबंधापाशी. सिएटलमध्ये विम होल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी कुष्ठजंतूच्या एका प्रथिनाची रचना शोधली. 'सायन्स' मासिकात ती छापून आली. प्रथिनाचं नाव शॅपरोनिन-१०.

आता हे काय असतं? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती नीट घडी होऊन ठरलेल्या आकारात बसली तरच काम करते. घडी चुकली की वाया. काही प्रथिनं दुसऱ्यांची घडी नीट बसवायला मदत करतात, त्यांना शॅपरोन म्हणतात. शॅपरोनिन-१० हे त्यातलं झाकण. सात सारखे तुकडे गोलात जुळून उपड्या टोपलीसारखा घुमट होतो, वर मधोमध भोक.

हे दिसतं कसं? प्रथिनाचे स्फटिक करतात, त्यांवर क्ष-किरण सोडतात आणि किरण कसे विखुरले त्यावरून कुठला अणू कुठं आहे ते गणितानं काढतात. म्हणून भौतिकशास्त्राचा माणूस इथं लागतो. कुष्ठजंतू तर प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाही. त्याच्या एका विभाजनाला साधारण दोन आठवडे लागतात. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा सुमारे १६०० चालू जनुकं निघाली आणि ११०० च्या वर बंद पडलेली. आमच्या भाषेत डेड कोड! स्वतःचं सगळं करायची ताकदच त्यानं गमावलीय.

आणि गंमत म्हणजे, या जंतूशी संपर्क आलेल्या माणसांच्या रोगप्रतिकारक पेशी याच झाकणाच्या प्रथिनाला जोरदार प्रतिसाद देतात. म्हणजे शरीर जंतूला ओळखतं ते अशा आकारांवरून.

आता माझ्या गोळ्यांकडे येऊ. एक स्पष्ट सांगतो, त्या १९९६ च्या चित्रातून आल्या नाहीत, त्याआधीपासून होत्या. पण त्यांचं कामही ओळखीवरच चालतं. एमिल फिशर यांनी १८९४ मध्येच म्हटलं होतं की विकर, म्हणजे एन्झाइम, आणि त्याला लागणारा रेणू हे कुलूप-किल्लीसारखे असतात. कुष्ठजंतूला फोलेट स्वतः बनवावं लागतं, नाहीतर डीएनए बनत नाही. त्यासाठी त्याच्या एका विकराला पाबा नावाचा छोटा रेणू लागतो. डॅप्सोनची गोळी दिसायला त्या पाबासारखी. विकर फसतं, तिलाच आत घेतं आणि काम अडतं. आपल्याकडे ते विकरच नाही, आपण फोलेट पालकातून, डाळीतून घेतो. माझ्या गोळ्या डाळीच्याच डब्यात होत्या, हे मला फार नंतर लक्षात आलं.

पण जंतूही बदलतो. त्या विकराच्या माळेत ५३ किंवा ५५ क्रमांकाचा मणी बदलला की डॅप्सोन नीट बसत नाही. एकट्या डॅप्सोनला जंतू असे दाद देईनासे झाले. म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एकाहून जास्त औषधं एकत्र द्यायला सांगितलं. त्यातलं रिफॅम्पिसिन दुसऱ्याच प्रथिनाला धरतं. एक कुलूप बदललं तरी दुसरं अडकलेलंच. महिन्याची ती गोळी घेतली की लघवी लालसर व्हायची. मी घाबरून आईला हाक मारायचो.

हे सगळं वाचलं त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, अरे, एवढंच होतं? सात तुकड्यांचा घुमट, ५३ वा मणी, ५५ वा मणी. यात मागचा जन्म कुठंच नव्हता. तरीही मी कुणाला सांगितलं नाही.

आज का सांगतोय? गेल्या महिन्यात आतेबहिणीचा फोन आला. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला होता, तिच्या पोराच्या पाठीवर चट्टा. "दादा, तू कॉम्प्युटरवाला, जरा पाहून सांग ना. पण कोणाला सांगू नको." मी म्हटलं, "डोळे मिटायला लाव आणि पेनाचं टोक टेकव." दहा मिनिटांनी परत फोन. ती रडत होती. मग मी तिला माझं सगळं सांगितलं. ती एकदम गप्प झाली, आणि म्हणाली, "तुला? काहून नाही सांगितलं रे इतके वर्ष?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पोराला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. उपचार सुरू झालाय, फुकट. घरातल्या सगळ्यांचीही तपासणी झाली.

तर मंडळी, एक काम करा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल, तर थांबू नका. पाठ स्वतःला दिसत नाही, घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. उशीर झाला तर नसा खराब होतात, बोटं वाकतात, आणि ते नुकसान गोळीनं भरून येईलच असं नाही. वेळेत गेलात तर माझ्यासारखे ठणठणीत राहता. आणि औषध सुरू झालं की लवकरच रोग दुसऱ्याला लागणंही थांबतं, त्यामुळे ताट-पांघरूण वेगळं करायची गरज नाही.

उद्या सकाळच्या बसनं मी वरोऱ्याला उतरणार आहे. राहिलेली सहल पूर्ण करतो. पुढच्या भागात भेटू.