प्रवासात मैत्रिणीला अटक झाली तर

(हट्टा येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा काही भाग)



हट्ट्याहून आपण वसमतला, परभणीला, नांदेडला जातो. काही जणी ऊसतोडीला, बांधकामावर परमुलखात जातात. बसस्थानकावर कुणाची पर्स गेली, की पहिला संशय कुणावर येतो? गरिबाघरच्या, पारधी किंवा भटक्या जमातीच्या बाईवर. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण तो संशय अजून गेलेला नाही. तिला धरून नेलं, की सोबतची बाई मुकाट्याने घरची गाडी धरते. ‘माझंही नाव येईल, गाव काय म्हणेल?’ ही भीती खोटी नाही. पण तिचं निघून जाणं मैत्रिणीला फार महाग पडू शकतं.

मथुराचं प्रकरण आपल्याला माहीत आहे. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात रात्री तिला मागे ठेवून सोबतच्यांना बाहेर जायला सांगितलं. ती तर आरोपीही नव्हती. सोबतची माणसं घरी गेली नाहीत. आतला दिवा मालवलेला आणि दार बंद पाहून त्यांनी हाका मारल्या, लोक जमले. बलात्काराची तक्रार त्यामुळेच नोंदली गेली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं, त्यावर देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. याची सुरुवात दाराबाहेर थांबलेल्या माणसांपासून झाली, हे आपण विसरतो.

त्याच १९८३ मध्ये पत्रकार शीला बरसे यांच्या पत्रावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मुंबईच्या तुरुंगात त्या पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या होत्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. न्यायालयाने स्त्रियांना वेगळी कोठडी, स्त्री पोलिसांचा पहारा आणि चौकशीच्या वेळी स्त्री पोलीस हजर असणं बंधनकारक केलं. एका वकिलाने फीच्या नावाखाली दोन परदेशी कैद्यांचं सामान आणि दागिने दाबल्याची तक्रारही त्या प्रकरणात होती. परक्या गावात घाबरलेल्या माणसाभोवती असे लोक जमतातच. म्हणून ठाण्याबाहेर भेटणाऱ्या मध्यस्थाच्या हाती पैसे किंवा मंगळसूत्र देऊ नका.

मग करायचं काय? कोणत्या ठाण्यात नेलं, किती वाजता, नेणाऱ्याच्या छातीवरच्या पट्टीवर काय नाव होतं, हे लगेच लिहून ठेवा. रेल्वेत धरलं असेल तर लोहमार्ग पोलिसांचं ठाणं विचारा. भांडू नका, पण कारण विचारा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ प्रमाणे अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्रमैत्रिणीला द्यावीच लागते. म्हणजे ‘तू तिची कोण?’ या प्रश्नाला ‘मैत्रीण’ हे उत्तर कायद्यात बसतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद करायचाच तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. झडती बाईनेच घ्यायची. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तिला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. कोऱ्या कागदावर तिनेही सही करू नये, तुम्हीही करू नये.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला आणि कोठडीतल्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा त्या जिल्ह्याच्या न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा. तिची औषधं, तान्हं मूल, घरी कळवणं, हेही तुम्हालाच बघावं लागेल.

तिच्यासाठी थांबलं म्हणजे तिने चोरी केली नाही, अशी हमी आपण देत नाही. ते न्यायालय ठरवील. चोरी केलेल्या बाईलाही मारण्याचा अधिकार कुणाला नाही.

आज उठण्यापूर्वी प्रत्येक गटाने दोन नावं ठरवा. प्रवासात कुणावर प्रसंग आला तर रात्री-अपरात्री फोन त्यांनाच करायचा. ते क्रमांक कागदावर लिहून पदरात बांधा, कारण ठाण्यात मोबाईल काढून घेतात.