पाच दिवसांचे युद्ध



हैदराबाद संस्थानावरील लष्करी कारवाई 'पोलीस ॲक्शन' या सौम्य नावाने इतिहासात नोंदली गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद अशी पुढे सरकली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. युद्ध पाच दिवसांत संपले. औराद ज्या बिदर जिल्ह्यात येते तेथे मात्र त्याचा हिशेब पाच दिवसांत बसत नाही.

हिशेबाची पहिली बाजू आधीच्या महिन्यांची. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवींच्या रझाकारांनी गावोगाव खंडणी बसविली होती. ती मिळाली की गाव शांत, नाकारली की लूट, जाळपोळ, खून. दुसऱ्या महायुद्धापासून सक्तीच्या धान्य लेव्हीने कोरडवाहू शेतकऱ्याची कणगी अगोदरच रिती झाली होती. मे १९४८ मध्ये याच जिल्ह्यातील गोरटा गावात हत्याकांड झाले. बळींचा आकडा दोनशेच्या घरात सांगितला जातो. अनेक कुटुंबे सोलापूर, बार्शीकडे निघून गेली. पण निघून जाण्यासही काही गाठीशी लागते. ज्याच्या दारी बैलगाडी आणि हद्दीपलीकडे सोयरे, तो निसटला. हातावर पोट असणाऱ्या सालगड्याने कोठे जावे?

दुसरी बाजू शरणागतीनंतरची, आणि तिच्याविषयी फार काळ मौनच पाळले गेले. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानाचा दौरा केला. १०९ गावांतील पाचशेहून अधिक माणसांशी ते बोलले. कारवाईच्या वेळी आणि नंतर संस्थानात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. त्यांपैकी निदान अठरा हजार उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतील होती. बळी प्रामुख्याने मुसलमान होते, आणि रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेले असंख्य गरीब त्यांत भरडले गेले.

मोठ्यांचे काय झाले तेही पाहावे. पंतप्रधान लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. रझवी शिक्षा भोगून १९५७ मध्ये तिकडेच गेले. निजाम तर १९५६ पर्यंत राजप्रमुखपदी होते! युद्ध ज्यांनी ओढवून घेतले ते असे तरले. गोरट्याची विधवा आणि सप्टेंबरनंतरची विधवा या दोघींना मात्र पेरणीच्या वेळी सारखाच प्रश्न पडला असेल: औत कोणी धरायचे? त्यांच्यापैकी एकीचेच दुःख मोजणारे स्मरण अर्धे होय, मग ते कोणत्याही बाजूचे असो.

हे बिदरपुरतेच घडले असेही नाही. १९४३ साली बंगालवर बॉम्बपेक्षा भाताच्या किमतीने अधिक माणसे मारली. जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने होड्या काढून घेतल्या, युद्धखर्चाने महागाई भडकली, आणि वीस ते तीस लाख माणसे मृत्युमुखी पडली. प्रा. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की तेथे केवळ धान्य तुटले नव्हते. शेतमजूर, कोळी, कारागीर यांची ते विकत घेण्याची शक्ती तुटली होती. कलकत्त्यात मात्र सरकारी कचेऱ्या आणि कारखान्यांतील नोकरवर्गासाठी स्वस्त धान्याची सोय होती.

सुंदरलाल अहवालात काळोखाबरोबर एक पणतीही आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचा, हिंदू जमावापासूनच, बचाव केला. त्यापायी काहींनी प्राणही गमावले. एका मागावर पोट असलेल्यांना एकमेकांची किंमत ठाऊक होती.

१९५६ मध्ये जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, औराद आणि भालकी म्हैसूर राज्यात, जहिराबाद आंध्रात. त्या गावांची भाषा मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू. अहवाल मात्र इंग्रजीत लिहिला गेला, सरकारने तो प्रसिद्ध केला नाही, आणि पुढे दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात त्याची प्रत अभ्यासकांना पाहावयास मिळू लागली. ए. जी. नूरानी यांच्या ग्रंथात तो छापला गेला, तेव्हा २०१३ साल उजाडले होते.