नकाराची पावती



बँकेच्या ग्राहकसेवेवर बोलायला उभ्या राहणाऱ्याकडून श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. त्याने काउंटरवरच्या तुसडेपणाची नक्कल करावी, जेवणाच्या सुट्टीवर एखादा विनोद सांगावा, टाळ्या घ्याव्यात आणि खाली बसावं. मी त्या वाटेला जात नाही, कारण तुसडेपणा हे या दुखण्याचं मूळ आहे असं मला वाटत नाही. हसून 'नाही' म्हटलं तरी काम अडायचं ते अडतंच. मला बोलायचं आहे ते त्या 'नाही'बद्दल. बँक ही लिहून ठेवण्यासाठीच जन्माला आलेली संस्था. रुपया आला की नोंद, गेला की नोंद, एका खात्यातून दुसऱ्यात सरकला तर दोन्हीकडे नोंद. पण दिवसभरात किती माणसं काम न होता शाखेबाहेर पडली आणि का पडली, हे कुठल्याच वहीत सापडत नाही. 'लिंक नाही', 'सिस्टम घेत नाही', 'होम ब्रँचला जा', 'साहेब रजेवर आहेत, सोमवारी या' हे सगळं तोंडी चालतं. शाखेत कागदावर उतरलेला नकार बहुधा एकच दिसतो. पासबुक छापायच्या यंत्रावर, पैसे काढायच्या स्लिपच्या पाठकोऱ्या बाजूला बॉलपेनने लिहून चिकटवलेला : 'मशीन बंद आहे'. त्यावरही तारीख नसते.

नियमांची वाण आहे म्हणून हे होतं, असं कुणी म्हणू नये. १९७५ साली तलवार यांचा गट नेमला गेला, १९९० मध्ये गोईपोरिया समिती, २००३ मध्ये तारापोर समिती, २०१० मध्ये दामोदरन समिती आणि २०२२ मध्ये कानुनगो समिती. पाचही ठिकाणी विषय एकच, ग्राहकाची सेवा. त्यातून निघालेली परिपत्रकं चांगली आहेत, काही तर मायेने लिहिली आहेत. एकच घ्या. खातेदार वारला आणि खात्याला नॉमिनी लावलेला असेल, तर रक्कम कितीही असो, वारस दाखला किंवा जामीनदार मागू नका आणि कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्या, असं रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच बँकांना बजावलं. आता काउंटरवर काय घडतं ते पाहा. नवरा गेलेली बाई मृत्यूचा दाखला, आधार आणि पासबुक घेऊन येते. पासबुकाच्या पहिल्या पानावर नॉमिनेशनची नोंद आहे. समोरचा माणूस कागद उलटेपालटे करतो, शेजारच्या टेबलाकडे पाहतो आणि म्हणतो, 'ताई, कोर्टातून वारस दाखला आणा.' ती निघून जाते. आता वकील, तारखा, काही महिने. आणि शाखेच्या दप्तरी? शाखेच्या दप्तरी ती बाई आलेलीच नाही.

हा माणूस दुष्ट नसतो. त्याने ज्याला-त्याला पैसे दिले आणि उद्या दुसरा वारस उभा राहिला, तर त्याची चौकशी लागेल, आरोपपत्र येईल, बढती अडेल. त्याने नाही म्हटलं तर मात्र त्याला कुणी काहीही विचारणार नाही. चुकीच्या होकाराची किंमत त्याच्या पगारातून जाते आणि चुकीच्या नकाराची त्या बाईच्या एसटीच्या तिकिटातून आणि बुडालेल्या रोजातून. असा तराजू हातात दिल्यावर शहाणा माणूस कुठलं पारडं निवडेल, हे सांगायला समिती नेमावी लागत नाही. सौजन्याचे वर्ग भरवून हा तराजू सरळ होणार नाही. नकारालाही काही वजन यायला हवं आणि ते तो लिहावा लागला तरच येईल. म्हणून माझी मागणी एवढीच आहे : काम नाकारलं की पावती द्या. तारीख, काय काम होतं, नकाराचं कारण, कोणत्या नियमाने, आणि खाली सही.

यात क्रांतिकारक काही नाही. चेक वटला नाही तर बँक आपण होऊन रिटर्न मेमो देते. त्यावर कारण असतं, तारीख असते आणि त्याच कागदाच्या आधारावर १३८ कलमाचा सगळा डोलारा उभा आहे. लहान कर्जदाराचा अर्ज फेटाळला तर कारणं लेखी कळवा, असं रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या संहितेने सांगितलं आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तर नकारासोबत अपील कुणाकडे करायचं तेही लिहून द्यायला लावलं. एटीएमचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. पैसे न निघता खात्यातून वजा झाले आणि पाच दिवसांत परत आले नाहीत, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये, तेही ग्राहकाने न मागता, असा नियम २०१९ मध्ये झाला. तो करता आला, कारण यंत्र आपलं अपयश वेळेसकट लिहून ठेवतं. माणूस ठेवत नाही.

'तक्रारीला लोकपाल आहे ना,' असं कुणी म्हणेल. आहे आणि त्याचा उपयोगही होतो. २०२३-२४ या वर्षात त्या यंत्रणेकडे सुमारे ९ लाख ३४ हजार तक्रारी आल्या. पण तिथे जाण्याआधी बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं. म्हणजे तोंडी नकाराला लेखी रूप देण्याचं ओझं त्या बाईवरच. ते ज्यांना पेलतं तेवढेच या आकड्यात आले.

कर्मचारी मित्रांचा आक्षेप मला ऐकू येतो आहे : माणसं कुठे आहेत? तो खोटा नाही. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. पुढे विलीनीकरणं होऊन २७ बँकांच्या १२ झाल्या. उरलेल्यांच्या डोक्यावर विमा खपवण्याचं टार्गेट आहे. त्यात आणखी एक कागद कशाला? पण हा कागद तुमच्याही उपयोगाचा आहे. एका शाखेत महिन्यात दोनशे नकार 'सर्व्हर बंद' किंवा 'या टेबलावर माणूस नाही' या कारणाने लिहिले गेले, तर तो गठ्ठा संघटनेच्या कुठल्याही निवेदनापेक्षा वजनदार ठरेल. आज शिव्या खिडकीवरचा माणूस खातो. कारण मात्र मुख्यालयात बसलेलं असतं.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. सगळं ॲपवर होत असताना शाखेची काळजी कशाला? सोपी कामं ॲपवर गेली, हे खरंच. त्यामुळेच शाखेत आता उरले आहेत ते अवघड कामांचे लोक. मयताचं खातं, आधार आणि पासबुकातल्या नावात एका अक्षराचा फरक, केवायसीसाठी गोठलेलं खातं, सातबारा आणि आठ-अ घेऊन पेरणीच्या तोंडावर आलेला शेतकरी. ॲपवर तरी काय वेगळं आहे? 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे' असा संदेश येतो. ती सुटली का, हे त्यात नसतं.

तिसरी शंका मला स्वतःलाच छळते. पावती द्यावी लागू नये म्हणून लोक 'नाही' म्हणायचंच सोडतील आणि 'जरा थांबा' म्हणतील. हे होईल. टोकन यंत्र आल्याची वेळ छापतं, तिथेच काम झाल्याची वेळही नोंदवली तर पळवाट अरुंद होईल, बंद होणार नाही. तेवढ्यासाठी पावती सोडून द्यावी, असं मात्र मला वाटत नाही.

दुपारच्या सत्रात ठरावाचा मसुदा येतो आहे. पावती मराठीत असावी, यावर वाद होऊ नये. छापील साहित्य प्रादेशिक भाषेतही हवं, हे बँकांना केव्हाच सांगून झालं आहे. वाद होईल तो छापील कारणांच्या यादीवर आणि 'सिस्टम घेत नाही' हे कारण त्यात असावं का, यावर. माझं मत, नसावं. ज्याला ते लिहायचं असेल त्याने हाताने लिहावं आणि खाली पूर्ण सही करावी.